घराबाहेर परांची लावताय? भाडं कसं ठरतं आणि खर्च कुठे वाढतो?

घराला बाहेरून प्लास्टर किंवा रंग करायचं ठरलं की आधी रंगाच्या डब्याची किंमत पाहिली जाते. परांचीचा खर्च कोटेशनमध्ये एका ओळीत असतो, कधी तर नसतोच. काम लांबलं की सगळ्यात आधी हाच आकडा फुगतो.

बांबूच्या परांचीचं बहुतेकदा उक्तं ठरतं. बांबू, सुंभ, बांधणारे कामगार सगळं त्यात आलं. लोखंडी पाइपच्या परांचीचं भाडं चौरस फुटामागे दरमहा किंवा पाइप, क्लॅम्प, फळी अशा नगामागे रोजचं असतं.

एक हिशेब करून बघू. ३० बाय ४० फुटांचं एकमजली घर, गच्चीच्या कठड्यापर्यंत उंची २३ फूट. घेर १४० फूट, म्हणजे परांची साधारण ३,२२० चौरस फूट. महिन्याला चौरस फुटामागे १० रुपये धरले (हा आकडा फक्त गणितासाठी, तुमच्या भागातला दर विचारून घ्या) तर ३२,२०० रुपये. वाहतूक, उभारणी-उतरवणीची मजुरी, डिपॉझिट आणि जीएसटी वेगळा आहे का, तेही तेव्हाच विचारा.

आता दिवस मोजा. नव्या सिमेंट प्लास्टरवर किमान ७ दिवस पाणी मारावं लागतं आणि ते नीट वाळल्याशिवाय रंग लावता येत नाही. तोवर परांची नुसती उभी, भाडं मात्र सुरू. मेच्या शेवटी काम काढलं आणि पाऊस लागला की संपलंच! म्हणून दरात घासाघीस करण्याआधी दोन गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. भाडं माल उतरल्यापासून की परांची उभी राहिल्यापासून? आणि महिन्यावर १२ दिवस जास्त गेले तर पैसे १२ दिवसांचे की पूर्ण महिन्याचे?

नुसता रंग असेल तर एकेक भिंत घ्या. ४० फुटांच्या भिंतीला ९२० चौरस फूटच लागतात, फक्त दरवेळी हलवायची मजुरी धरा. प्लास्टर असेल तर चारही बाजू एकदम लावलेल्या बऱ्या. एक भिंत वाळेपर्यंत दुसरीवर काम चालतं.

माल येताना आणि जाताना चलानवर नग मोजून फोटो काढा. हरवलेल्या क्लॅम्पचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात.

पुरेशा फळ्या, कठडा, भिंतीला दिलेले आधार आणि कामगारांचे सेफ्टी बेल्ट यांवर मात्र पैसे वाचवू नका. परांचीच्या सुरक्षेसाठी आयएस ३६९६ हे भारतीय मानक आहे. कंत्राटदाराला त्याबद्दल सरळ विचारा. परांचीचे पाय फुटपाथवर येणार असतील तर पालिकेची परवानगी कोण काढणार, हेही कोटेशनमध्येच लिहून घ्या.