जोडलेलीं छायाचित्रें

छायाचित्रांतील आकाश संगणकावर पालटणें आज भिंगारसारख्या गांवींही कोणास अवघड राहिलेलें नाहीं. अशा चित्रास कला म्हणावें कीं लबाडी, हा वाद मात्र दीडशें वर्षांहून जुना आहे. 1857 सालीं ऑस्कर रेलँडर यानें इंग्लंडांत 30 हून अधिक काचा जुळवून ‘जीवनाचे दोन मार्ग’ हें एकच विशाल चित्र सिद्ध केलें. कित्येकांनीं नाकें मुरडलीं. व्हिक्टोरिया राणीनें प्रत विकत घेतली.

मुंबईच्या विल्यम जॉन्सनची गोष्ट निराळी. मुंबईंतील नाना जातींच्या लोकांवरील त्याचा सचित्र ग्रंथ 1863 व 1866 सालीं दोन भागांत लंडनास निघाला. त्यांतील अनेक चित्रांत माणसें चित्रशाळेंत उभीं करून टिपलेलीं, आणि पाठीमागचें दृश्य दुसऱ्याच काचेवरून आणून जोडलेलें! रेलँडरनें आपलें चित्र रूपक म्हणूनच मांडलें होतें. त्यास आम्ही खुशाल कला म्हणूं. जॉन्सननें तीच युक्ति लोकवर्णनाच्या ग्रंथांत, खऱ्याचा दाखला म्हणून वापरली, येथें आमची तक्रार आहे. तरीही त्या काळचा मुंबईकरांचा पेहराव पाहावयाचा, तर अभ्यासकास अद्यापि त्याच ग्रंथाकडे वळावें लागतें. पागोटीं खरीं आहेत; मागचा देखावा तेवढा उसना.