फळ्यावरच्या नऊ जागा

नागरिकशास्त्राच्या तासाला मी चंद्रपूर-गडचिरोलीतल्या विधानसभेच्या नऊ जागा फळ्यावर लिहिल्या. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, "सर, यातल्या किती जागांवर मी उभा राहू शकतो?"

पाच. राजुरा, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, चिमूर, वरोरा. आरमोरी, गडचिरोली, अहेरी या तिन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जंगल ज्यांचं, त्यांचा माणूस सभागृहात हवाच. शिवाय जमातीला धर्माची अट नाही, जळगावकडचा मुसलमान तडवी भिल्ल राखीव जागेवर लढू शकतो. अनुसूचित जातींना मात्र १९५० च्या आदेशाने ती अट आहे, म्हणून नववी जागा, आपलं चंद्रपूर शहर, मुसलमानाला बंद.

पण उरलेल्या पाचांचं काय? २०२४ साली निवडून आलेल्या नऊ आमदारांत मुसलमान एकही नाही. बाईही नाही, हे मुलींनी लगेच हेरलं. राज्यात आपण २०११ च्या जनगणनेत साडेअकरा टक्के. २८८ आमदारांत १०.

मग मी लोकसभेची जुनी गोष्ट काढली. याच चांद्याने १९५२ साली मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली यांना दिल्लीला पाठवलं, १९७१ साली अब्दुल शफी यांना. दोघेही काँग्रेसचे. आपली मतं तेव्हाही थोडीच होती.

"मग मतं दिली कुणी, सर?"

"तुझ्या आजोबांच्या शेजाऱ्यांनी."

त्याने दोन्ही नावं वहीत उतरवून घेतली. परीक्षेला ती येणार नाहीत, हे मी सांगितलं नाही.