अनघड दगड आणि बंद दार

फ्रीमेसन म्हणजे गूढ मंडळी, असा आपला समज असतो. वस्तुतः त्यांची प्रतीके गवंडीकामातली. १७१७ साली लंडनच्या चार लॉजनी मिळून ग्रँड लॉज स्थापन केली. शिकाऊ, कारागीर, उस्ताद अशा तीन पायऱ्या चढत माणसाने आपल्या स्वभावाचा अनघड दगड घडवावा, हे त्यांचे तत्त्वज्ञान.

परंतु बंधुत्व सांगणाऱ्यांचे दार हिंदी माणसाला सहज उघडत नसे. मुंबईचे माणकजी करसेटजी यांना पॅरिसला जाऊन दीक्षा घ्यावी लागली. अखेर १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी मुंबईत हिंदी लोकांसाठी 'रायझिंग स्टार' लॉज काढली.

स्वतःला घडविणे ज्याचे त्याने करावे. दार मात्र आतल्यांनीच उघडायचे असते. आपण आत आहोत. बाहेर कोण उभे आहे?