नागपूर, अवयवदान आणि फुप्फुसाचा प्रश्न

नागपुरात मेंदूमृत रुग्णांच्या अवयवांचे दान रुळू लागले ते 2013 पासून. पुढची काही वर्षे शहराची स्थिती चमत्कारिक होती. दान नागपुरात होई, मूत्रपिंडे बहुधा नागपुरातच बसवली जात. हृदय आणि फुप्फुसे मात्र बर्फाच्या पेटीतून दुसऱ्या शहरांकडे रवाना होत, कारण ती बसवणारे केंद्र विदर्भात नव्हते. देणारे शहर आधी तयार झाले, घेणारे मागून. फुप्फुस तर या रांगेत सर्वांत मागे राहिले. हा क्रम असा का पडला, हे समजायला कायद्यापासून सुरुवात करावी लागते.

प्रत्यारोपण महाराष्ट्राला नवे नव्हते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 16 फेब्रुवारी 1968 रोजी हृदय-प्रत्यारोपण केले. केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातले पहिले केले त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. त्या काळी भारतीय कायद्याच्या दृष्टीने मृत्यू म्हणजे हृदय थांबणे. मेंदू कायमचा निकामी झालेला, पण व्हेंटिलेटरवर छाती हलते आहे असा माणूस कागदोपत्री जिवंतच असे. त्यामुळे पुढची पंचवीस वर्षे प्रत्यारोपण म्हणजे जवळजवळ फक्त मूत्रपिंडाचे आणि तेही जिवंत दात्याकडून. आईने मुलाला द्यावे, बहिणीने भावाला द्यावे इथपर्यंत ठीक होते; पण गरजू माणसाने पैशासाठी मूत्रपिंड विकण्याचा बाजारही याच पोटी उभा राहिला आणि मुंबईचे नाव त्यात ठळक होते.

या बाजाराला आळा घालण्यासाठी 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने संसदेला असा कायदा करण्यासाठी काही राज्यांचे ठराव हवे होते. ते महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तीन विधिमंडळांनी केले. म्हणून 4 फेब्रुवारी 1995 पासून कायदा लागू झाला तो प्रथम याच तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत. अवयवांची विक्री गुन्हा ठरली, हे सर्वांना ठाऊक असते. त्याहून दूरगामी तरतूद दुसरी होती: मेंदूच्या खोडाचा मृत्यू हा मृत्यू मानला गेला.

हा मृत्यू ठरवण्याची रीत मुद्दाम जाचक ठेवली आहे. चार डॉक्टरांचे मंडळ लागते: रुग्णालयाचा प्रमुख, बाहेरचा नोंदणीकृत तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यविशारद, आणि रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कोणीही त्यात चालत नाही. तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तास जावे लागतात. डोळ्याच्या बाहुल्या उजेडाला आकसतात का, कानात थंड पाणी सोडल्यावर बुबुळे हलतात का, घशात नळी गेल्यावर ठसका लागतो का, हे पाहिले जाते. शेवटची कसोटी श्वासाची. रुग्णाला काही मिनिटे शुद्ध प्राणवायू देतात, मग व्हेंटिलेटर काढून श्वासनलिकेत बारीक नळीने प्राणवायू चालू ठेवतात आणि छाती-पोट उघडे टाकून आठ-दहा मिनिटे नुसते पाहत राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. मेंदूचे खोड जिवंत असेल तर तो श्वास घ्यायला भाग पाडतोच. त्याचा दाब पाऱ्याच्या 60 मिलिमीटरपर्यंत चढूनही छाती हलली नाही, तर कसोटी पूर्ण झाली असे धरतात.

कायदा झाला तरी विदर्भात बराच काळ काही हलले नाही. मेंदूमृत्यूची नोंद करावी कोणी, नातेवाइकांशी बोलावे कोणी, मिळालेला अवयव कोणाला द्यावा, या कामांना धनी नव्हता. मुंबई आणि पुण्यानंतर नागपुरात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र उभे राहिले, तेव्हा विदर्भाची प्रतीक्षा यादी एका जागी आली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे नागपूरकरांच्या 'मेडिकल'च्या, माजी अधिष्ठाता डॉ. विभावरी दाणी आणि डॉ. रवी वानखेडे यांनी सुरुवातीच्या वर्षांत हे काम अंगावर घेतले. 2011 च्या दुरुस्तीने दोन गोष्टी सोप्या केल्या होत्या. प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयालाही फक्त अवयव काढून देण्याची नोंदणी मिळू लागली, आणि प्रत्यारोपण समन्वयक नेमणे बंधनकारक झाले. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून घरच्यांशी बोलणारा हा समन्वयकच दानाच्या इतिहासातले खरे पात्र आहे. शल्यविशारदांची नावे छापून येतात, त्याचे क्वचितच.

अडचण पोलिसी कामाचीही होती. मेंदूमृत दाता हा पुष्कळदा रस्त्यावरच्या अपघातातला जखमी असतो. म्हणजे प्रकरण वैद्यकीय-न्यायिक. पंचनामा, पोलिसांचे पत्र, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत शवविच्छेदन हे सारे ओघाने आले. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करायचे नाही ही इंग्रजी अमदानीतली पद्धत आणखी आड येई. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2021 मध्ये सोयी असलेल्या रुग्णालयांना रात्री शवविच्छेदनाची मुभा दिली, ती देताना अवयवदानाचे कारण पुढे ठेवूनच.

मूत्रपिंड शरीराबाहेर थंड ठेवले तर साधारण चोवीस तास टिकते, यकृत बाराएक तास. फुप्फुसाला सहा तास, हृदयाला चार. शहरातल्या शहरात बसवायच्या मूत्रपिंडाला म्हणूनच घाई कमी होती. 'मेडिकल'शी संलग्न सुपर स्पेशालिटी रुग्णालयात 2016 मध्ये मूत्रपिंड-प्रत्यारोपण सुरू झाले आणि खासगी रुग्णालयाचा खर्च न झेपणाऱ्यांना दार उघडले. यकृत आणि हृदयासाठी शहरातली खासगी रुग्णालये पुढे तयार झाली. तोवर, आणि योग्य रुग्ण इथे नसेल तर नंतरही, आधार होता विमानतळाचा.

देशाच्या मध्यावरचे स्थान नागपूरला पूर्वीही एकदा असेच कामी आले होते. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री सोनेगाव विमानतळावर उतरत, टपालाच्या थैल्या आपसांत बदलत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. अवयवांच्या बाबतीत वाहतूक एकेरी होती. धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयांपासून विमानतळ वर्धा रोडने सात-आठ किलोमीटर; वाहतूक पोलीस चौक रोखून धरत आणि रुग्णवाहिका काही मिनिटांत पोचे. वेळ वाचे तो या रस्त्यावर. जाई तो विमानाच्या वेळापत्रकात. खास विमान परवडले नाही, किंवा नेहमीचे विमान नुकतेच उडाले असले, तर चांगले हृदयही वाया जाई.

फुप्फुसाचे गणित याहून कठीण. दर पाच-सहा दात्यांमागे एखाद्याचीच फुप्फुसे घेण्याजोगी असतात. अपघातात छातीला मार लागतो, बेशुद्धीत पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते, व्हेंटिलेटरवर दोन-तीन दिवसांत जंतुसंसर्ग होतो, आणि रक्तदाब राखण्यासाठी दिलेले सलाइन फुप्फुसातच झिरपते. काढताना त्यांतले रक्त थंड द्रावणाने धुऊन टाकतात. फुप्फुसे पांढरीफटक होतात. मग ती अर्धवट फुगलेल्या अवस्थेत ठेवूनच श्वासनलिका स्टेपलरने बंद करतात, एकात एक अशा तीन पिशव्यांत घालतात आणि बर्फात ठेवतात. हवा पूर्ण गेली तर वायुकोश मिटतात. मूत्रपिंडाला असे लाड लागत नाहीत.

जगातही फुप्फुस मागेच राहिले होते. मिसिसिपीत जेम्स हार्डी यांनी 1963 मध्ये पहिले फुप्फुस बसवले. रुग्ण 18 दिवस जगला. पुढची वीस वर्षे झालेले प्रयत्न बहुतेक एकाच जागी फसले: श्वासनळीचा जोड भरून येत नसे. टोरांटोत जोएल कूपर यांनी 1983 मध्ये तो जोड पोटातल्या चरबीच्या पदराने वेढला, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरिनच्या जोरावर स्टेरॉइड कमी केले आणि रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला.

नव्या फुप्फुसाची गरज म्हणाल तर नागपूरच्या छातीला ती जुनीच आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. 1886 मध्ये निवृत्तिनिधी आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई देणारी ही गिरणी तिच्या काळाच्या पुढे होती. पण कापसाची धूळ कोणत्याही गिरणीत कार्डिंग खात्यातून सुटत नसे. ती छातीत बसून होणाऱ्या बिसिनोसिसची खूण अशी, की सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. शहराभोवती मनसर, कांद्री, गुमगावच्या मँगनीजच्या खाणी आणि कोळशाच्या खाणी; खडक फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमचे व्रण करते. राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्था नागपुरात वसली ती काही योगायोगाने नव्हे. 2019 मध्ये ती अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. आणि या सगळ्याखाली क्षय. मेडिकलचा टीबी वॉर्ड वेगळ्या आवारात आहे, तो परिसरच त्या नावाने ओळखला जातो. क्षय बरा झाला तरी फुप्फुस पुष्कळदा फाटके उरते, आणि छातीच्या आतील अस्तराला चिकटून बसते. असे फुप्फुस काढताना रक्तस्राव इतका होतो, की काही रुग्ण त्या एका कारणाने यादीत घेतले जात नाहीत.

बसवलेल्या फुप्फुसाचे आयुष्यही तुलनेने कमी. जागतिक नोंदींत हृदय-प्रत्यारोपणानंतर निम्मे रुग्ण बारा वर्षांहून अधिक जगतात. फुप्फुसानंतर ही मध्यरेषा सहा-सात वर्षांवर आहे. प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरची हवा, धूळ, बुरशी थेट नव्या अवयवापर्यंत जाते, आणि पाच वर्षांत निम्म्या रुग्णांत सूक्ष्म श्वासनलिका हळूहळू बुजू लागतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. विदर्भात क्षय पुन्हा डोके वर काढण्याची भीती असते, आणि त्यावरचे रिफाम्पिसिन हे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी पाडते. एका औषधाने जंतू मरतो आणि दुसरे निष्प्रभ होते. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने नागपूरची रुग्णालये भरली, तेव्हा बुरशी किती जवळ आहे हेही दिसले.

शस्त्रक्रिया परगावी झालेल्या रुग्णाला सुरुवातीचे काही महिने रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहावे लागते, नंतर ब्राँकोस्कोपीसाठी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासण्यासाठी) वारंवार हैदराबाद किंवा चेन्नईची गाडी धरावी लागते. पूर्वी काही राज्ये यादीत नाव घालायला तिथल्या रहिवासाचा दाखला मागत. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राने ही अट, 65 वर्षांची वयोमर्यादा आणि नोंदणीचे शुल्क तिन्ही काढले. आता नागपूरचा रुग्ण देशातल्या कोणत्याही केंद्रात नाव नोंदवू शकतो. अवयव वाटताना मात्र दान झालेल्या भागातल्या यादीकडे आधी पाहिले जाते.