कमलाबाई सोहोनी : विद्येच्या द्वारीं

विद्वत्तेचा गौरव दोन प्रकारांनीं होत असतो. एक सभेंत शाल पांघरून होणारा. दुसरा योग्य वेळीं दार उघडून होणारा. पहिला डोळ्यांत भरतो. पण विद्येचें पोषण दुसऱ्यानेंच होतें. जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमलाबाई सोहोनी यांचें चरित्र या दृष्टीनें वाचण्यासारखें आहे.

कमलाबाई पूर्वाश्रमीच्या भागवत; विदुषी दुर्गाबाई भागवत यांच्या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत रसायनशास्त्र शिकलेले. त्यामुळें १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केल्यावर कमलाबाईंनीं त्याच संस्थेकडे अर्ज करावा, हें स्वाभाविकच होतें. अर्ज फेटाळला गेला. सर चंद्रशेखर वेंकट रामन हे तेव्हां संस्थेचे संचालक होते. नकाराचें कारण गुणांची उणीव हें नव्हतें. अर्जदार स्त्री आहे, एवढेंच होतें. कमलाबाईंनीं गांधीजींच्या शस्त्राचा आश्रय केला आणि सत्याग्रह आरंभिला. अखेर प्रवेश मिळाला, तो एक वर्षाच्या परीक्षेवर. आणि त्यांच्या उपस्थितीनें पुरुष सहकाऱ्यांचें चित्त विचलित होतां कामा नये, या अटीवर! दुसऱ्याच्या चित्ताची जबाबदारी आपल्या शिरावर घेऊन ज्ञानसाधना करणें किती पुरुषांना मानवलें असतें?

श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं कमलाबाईंनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्ष सरलें, रामन यांचें मत पालटलें, आणि पुढें संस्थेंत स्त्रियांना प्रवेश मिळूं लागला. रामन यांना दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे; परंतु पुरावा समोर येतांच मत बदलणें हाही शास्त्रज्ञाचाच धर्म, आणि तो त्यांनीं पाळला, हेंही नमूद केलें पाहिजे.

पुढें केंब्रिज येथें हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं बटाट्यावर काम केलें. प्राण्यांच्या पेशींत श्वसनाच्या कामीं येणारें 'सायटोक्रोम सी' हें लोहयुक्त प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतें, असें त्यांना आढळून आलें. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. मात्र त्याच विद्यापीठानें स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिलें तें १९४८ सालीं!

हा दोष एकट्या हिंदुस्थानचा नव्हता, हें यावरून कळून येईल. कमलाबाईंच्याच पिढींतील डोरोथी हॉजकिन यांनीं क्ष-किरणांच्या साह्यानें स्फटिकांच्या अंतरंगांतील अणूंची रचना उलगडली आणि १९६४ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें. पण तरुणपणीं ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्रज्ञांच्या मंडळाच्या सभांना स्त्री म्हणून त्यांना मज्जाव होता. पेनिसिलिनचा स्फटिक पुरुषाच्या हातीं निराळें आणि स्त्रीच्या हातीं निराळें सत्य सांगत नाहीं, ही साधी गोष्ट विद्वानांच्याही ध्यानांत येण्यास किती काळ लागावा!

मायदेशीं परतल्यावर कमलाबाईंनीं दिल्लीस व कुन्नूरास काम केलें आणि १९४७ नंतर त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत आल्या. नीरेंतील पोषकद्रव्यांवरील त्यांच्या संशोधनास राष्ट्रपतींचें पारितोषिक लाभलें. गरिबाच्या आहारांतील उणीव कशी भरून काढावी, ही चिंता या कामामागें होती. संस्थेचें संचालकपद मात्र त्यांना विलंबानेंच मिळालें. १९९८ सालीं दिल्लीस त्यांच्या सत्काराचा समारंभ झाला. तेथेंच त्या कोसळल्या, आणि थोड्याच अवधींत त्यांचें निधन झालें.

आज आमच्या सिन्नरसारख्या तालुक्याच्या गांवींही मुली प्रयोगशाळेंत निःशंकपणें वावरतात. त्यांना कोणी अट घालीत नाहीं. त्यांतील पुष्कळींना कमलाबाईंचें नांवही ठाऊक नसेल. त्याची खंत वाटते. तथापि जें दार कमलाबाईंना बंद होतें, तें या मुलींना उघडें सांपडतें, यापरता मोठा गौरव तो कोणता?