सुईने वेदना थांबते, पण रोग?

दाढ काढायला दंतवैद्याकडे गेलात म्हणजे तो आधी हिरडीत एक सुई टोचतो. थोड्या वेळाने ओठ जड होतो, गाल परक्याचा वाटू लागतो आणि दाढ निघाली तरी तुम्हांला फारसे कळत नाही. तासा-दोन तासांनी औषधाचा अंमल उतरला की संपले. ही गोष्ट आता इतकी सरावाची झाली आहे की, तिलाही काही इतिहास असेल हे ध्यानात येत नाही. पण ज्या सुईने अंग बधिर होते, तिनेच जुने दुखणे कायमचे का जाऊ नये, असे काही डॉक्टरांच्या मनात आले. त्याची ही हकीकत आहे.

१८८४ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात कार्ल कोलर नावाचा तरुण डॉक्टर होता. कोकेनने जीभ बधिर होते हे अनेकांना ठाऊक होते. कोलरने ते आधी बेडकाच्या, मग सशाच्या आणि पुढे स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिले. टाचणीचे टोक डोळ्याला लावले तरी कळेना! हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेस जायला त्याच्यापाशी पैसे नव्हते. १५ सप्टेंबरला त्याचे टिपण तेथे दुसऱ्याने वाचून दाखवले. लगोलग न्यूयॉर्कचे शल्यविशारद हॉल्स्टेड यांनी हेच औषध सुईने थेट मज्जातंतूपाशी सोडले. तो तंतू जेथवर पोचतो तेवढा सारा भाग बधिर झाला. प्रयोग मात्र ते स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर करीत. हॉल्स्टेड यांना कोकेनचे व्यसन जडले, त्यापायी मॉर्फिनचे जडले, आणि काही सहकाऱ्यांची तर आयुष्येच धुळीस मिळाली. १९०५ च्या सुमारास व्यसन न लावणारे नोव्होकेन हाती आले, तेव्हा कुठे ही सुई निर्धोकपणे सर्वांच्या हाती देता आली.

आता मौज पाहा. १९२५ साली जर्मनीत फर्डिनांड हुनेके नावाच्या डॉक्टरांची बहीण अर्धशिशीने हैराण झाली होती. कशाचाच गुण येईना. त्यांनी संधिवातावरचे एक औषध तिच्या शिरेत टोचले, आणि टोचता टोचता डोके थांबले! मागाहून उलगडा झाला. त्या औषधाचे दोन प्रकार मिळत. एक शिरेत द्यायचा, दुसरा स्नायूत. स्नायूतली सुई दुखू नये म्हणून दुसऱ्यात नोव्होकेन घातलेले असे. हुनेकेंनी चुकून तोच शिरेत दिला होता. आम्हां इतिहास शिकवणाऱ्यांना अशा चुका फार आवडतात, हे कबूल करतो. पण हुनेके तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४० साली एका बाईच्या पायावरच्या जुन्या व्रणाभोवती त्यांनी नोव्होकेन टोचले, तो तिचा दुखरा खांदा तत्क्षणी मोकळा झाला. शरीरातला एखादा जुना व्रण दूरच्या अवयवात रोग उभा करतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. जर्मनीत आणि दक्षिण अमेरिकेत आजही ही पद्धत मानणारे डॉक्टर आहेत.

मग ते खरे मानायचे काय? बहिणीचे डोके थांबले, यावर शंका घेण्याचे कारण नाही. पण एका रोग्याला गुण आला म्हणजे सिद्धान्त सिद्ध झाला, असे होत नाही. काही दुखणी आपोआपच ओसरतात, काही नुसत्या विश्वासाने हलकी होतात. दोन सारख्या गटांची तुलना करून पाहावी लागते, आणि तसा भक्कम पुरावा या सिद्धान्तामागे उभा राहिलेला नाही. मात्र औषधाचा अंमल उतरल्यावरही आराम टिकतो, हा अनुभव इतर डॉक्टरांनाही पुष्कळदा आला आहे. वेदनेने स्नायू आखडतो, आखडल्याने वेदना वाढते; हे रहाटगाडगे सुईने क्षणभर थांबले की कधी कधी पुन्हा सुरूच होत नाही, अशी त्याची एक उपपत्ती सांगतात.

या साऱ्यात मला जवळचा वाटतो तो जॉन बोनिका. सिसिलीजवळच्या एका बेटावर जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला. कुस्त्या करून याने वैद्यकीच्या शिक्षणाचा खर्च भागवला. बायको बाळंतपणात ईथरच्या भुलीपायी मरता मरता वाचली, तेव्हापासून बधिरतेच्या सुईवर त्याने सारा भर दिला. महायुद्धात, अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयात, त्याच्यापुढे जायबंदी सैनिक आले. जखमा भरलेल्या, पण कापून टाकलेला पाय ठणकतोच आहे! बोनिका सुया टोचत राहिला. कुणाला आराम पडे, कुणाला पडत नसे. पडला तरी कुणाचा टिके, कुणाचा नाही. सुईने वेदनेची वाट कोणती हे कळते, पण त्या वाटेवर दुसरेही बरेच काही असते, हे त्याने ओळखले. मग टॅकोमाच्या रुग्णालयात तो अवघड रोग्यांबद्दल मज्जातंतूंच्या, हाडांच्या आणि मनोविकारांच्या डॉक्टरांशी एकत्र बसून बोलू लागला. १९५३ साली वेदनेच्या उपचारांवर त्याने सुमारे १५०० पानांचा ग्रंथ काढला. सुईच्या जागा त्यात बारकाईने दिल्या आहेत, पण एकट्या सुईवर भिस्त ठेवलेली नाही. तरुणपणच्या कुस्त्यांनी त्याचे स्वतःचे सांधे मात्र कामातून गेले होते. कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या, तरी त्याची स्वतःची वेदना १९९४ साली तो वारला तोवर त्याच्या सोबतीला होती.