टेबलाखालचं तिसरं भोक

झरी जामणीतल्या एका ऑफिसात मी काही महिने डेटा एन्ट्री केली. लोखंडी टेबल, त्याच्या पायाला स्क्रूने ठोकलेला बोर्ड. फरशी पुसणाऱ्या मावशी माझ्या टेबलाजवळ आल्या की हात मागे घ्यायच्या. "मुंग्या येतात रे याला," म्हणायच्या. चप्पल घालून मला काही कळायचं नाही. त्या अनवाणी, हात ओले.

वायरमनदादांनी बोर्ड खोलला. हिरवी वायर गुंडाळून चिकटपट्टीत बांधलेली होती. सॉकेटला भोकं तीन, जोडलेली दोनच.

त्या तिसऱ्या भोकाचा इतिहास मी नंतर शोधला. आपला गोल पिनांचा प्लग मूळ ब्रिटिश. त्याचं मानक 1934 चं. वरची पिन मुद्दाम लांब आणि जाड, म्हणजे अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जातं आणि सगळ्यात शेवटी सुटतं. ब्रिटनने 1947 मध्ये चौकोनी पिनांचं नवं मानक आणलं, प्लगमध्येच फ्यूज असलेलं. आपण मात्र जुन्या गोल पिनाच ठेवल्या.

तेव्हा ऑफिसच्या टेबलाला विजेचं काम नव्हतंच. 1955 मध्ये गोदरेजचा टाइपरायटर आला, तोही बोटांच्या जोरावर चालणारा. 1968 मध्ये अमेरिकेत हर्मन मिलर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्टने पार्टिशनवालं ऑफिस उभं केलं, त्यातून पुढे क्युबिकल आलं. मग कॉम्प्युटर आले, आणि भिंतीतली वीज टेबलात शिरली. भिंत हलत नाही. टेबल सरकतं, वायर पायाखाली चेंगरते, स्क्रू सैल होतात.

मुंग्यांचं कारण साधं आहे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर थोडा करंट डब्याकडे सोडतो. तो अर्थिंगने जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसेल तर 230 व्होल्टच्या लाइनवर डब्यावर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगतो. डबा लोखंडी टेबलावर, म्हणून टेबलही तसंच. हा करंट अगदी थोडा असतो, त्याने जीव जात नाही. पण उद्या आत फेज डब्याला टेकली, तर अडवायला कोणी नाही.

किती करंट धोक्याचा, हे बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. सरासरी पुरुष 16 मिलिअँपिअरपर्यंत हात सोडवू शकतो, स्त्री साडेदहापर्यंत. त्यापुढे मूठ उघडत नाही. 1961 मध्ये त्यांनी गळती ओळखून लाइन तोडणारं यंत्र बनवलं. आपल्याकडे त्याच जातीची आरसीसीबी बसवतात, बहुधा 30 मिलिअँपिअरची. अर्थिंग असेल तर ती बिघाड होताच ट्रिप होते. नसेल, तर कोणीतरी हात लावेपर्यंत थांबते.

आणि वायर जोडली म्हणजे झालं, असंही नाही. दादा मला मागच्या खड्ड्यापाशी घेऊन गेले. मीठ आणि कोळशात पुरलेला पाइप. आपली काळी माती ओली असेल तर करंट चांगला घेते, उन्हाळ्यात भेगाळली की घेत नाही. खड्डा ठणठणीत कोरडा होता. आम्ही दोन बादल्या पाणी ओतलं, हिरवी वायर जोडली, टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींनी टेबलाचा पाय ओल्या फडक्याने पुसला. काही बोलल्या नाहीत, पुढच्या टेबलाकडे गेल्या. त्या टेबलाचा बोर्ड अजून खोलायचा होता. मी त्यांना थांबवलं.